कुणाचं न ऐकणारं रक्त

लॅबच्या दारातून आत येतानाच ती युनिफॉर्मची बाही वर सरकवायची आणि हात माझ्या टेबलावर असा आपटायची की स्टँडमधल्या काचेच्या नळ्या किणकिणायच्या.

"काढ गं डोंबिवली. पन सांगून ठेवतंय, माझा रगत कोनाचा आयकत नाय."

आमच्याकडे सगळ्या स्टाफचं रक्त अधूनमधून तपासायचे. बाकीचे सुई बघून मान फिरवत. ही मात्र सुईकडे रोखून बघायची, जणू सुईनेच घाबरावं. तुम्ही नोकरी केली असेल तर असं एखादं माणूस तुम्हीही पाहिलं असेल. पगार हॉस्पिटलचा घेतात, पण हुकूम स्वतःचाच मानतात. अशा माणसांचं वरिष्ठांशी जमत नाही आणि त्यांच्यावाचून वरिष्ठांचं चालतही नाही.

नव्वदच्या दशकाची पहिली वर्षं होती ती. ठाण्याच्या पूर्वेला, कोपरीत, एका खाजगी हॉस्पिटलात मी लॅब टेक्निशियन होते आणि ती डायलिसिसच्या खोलीची सिस्टर. तिथल्याच कोळीवाड्यातली. माणसांना नावाने हाक मारणं तिला पसंत नव्हतं. जो जिथून येतो ते त्याचं नाव. मी डोंबिवली. एक शाळामास्तर होते ते टिटवाळा. एक बसकंडक्टर होता तो कळवा. "आनि मी कोपरी. मना कुठं जायाचं नाय, मी इथलीच," असं ती छाती पुढे काढून सांगायची. तिचं खरं नाव मीही इथे लिहीत नाही. तिला ते आवडलं नसतं.

मूत्रपिंडं निकामी झालेल्या माणसाचं रक्त नळीने बाहेर काढायचं, मशीनमधून गाळायचं आणि पुन्हा त्याच्या अंगात सोडायचं, हे त्या खोलीतलं काम. अशा पेशंटला पाणी मोजून प्यावं लागतं. टिटवाळा मास्तर दारात दिसले की ही लांबूनच ओरडायची, "मास्तर, परत पानी पिलाव ना? तोंड बघा, भोपला झालाय!" मास्तर शाळेत पोरांना दरडावत असतील, इथे मात्र अपराध्यासारखे कॉटवर चढायचे. मग तीच त्यांच्या पायांवर चादर ओढायची आणि त्यांच्या शाळेतल्या भांडणांच्या गोष्टी ऐकत बसायची. डबा खायचीही तिथेच, दाराबाहेर स्टूल ठेवून, एक डोळा मशीनवर. डब्यात सुकट असली की मजलाभर समजायचं. मेट्रनबाई नाकाला रुमाल लावून जायच्या आणि ही मुद्दाम विचारायची, "घेता का वाईच?"

तिचा एक नियम होता. मशीन चालू असताना खोली सोडायची नाही. डॉक्टरांनी बोलावलं तरी नाही, मेट्रनने बोलावलं तर मुळीच नाही. मी एकदा चहाला हाक मारायला गेले तर म्हणाली, "त्याचा रगत बाहेर हाय. मी कशी बाहेर जाऊ?" मी तिचा चहा तिथे नेऊन दिला आणि पुढे तोच शिरस्ता झाला.

मशीनं दोन होती. त्यातलं एक, रक्तात काविळीचा विषाणू असलेल्यांसाठी वेगळं ठेवलेलं. पाण्यातून होते ती कावीळ नव्हे, तर रक्तातून, सुईतून पसरते ती, जिला बी म्हणतात ती. ती काहींच्या अंगात वर्षानुवर्षं मुक्काम ठोकते आणि आतून यकृत वाळवत जाते. त्या मशीनला सगळे पिवळं मशीन म्हणत. रंगाने ते दुसऱ्या मशीनसारखंच होतं. कळवा कंडक्टर त्या मशीनवरचा. कुठल्याशा बाटलीतून चढवलेल्या रक्ताबरोबर हा पाहुणा त्याच्या अंगात आलेला. बाकीच्या नर्सेस त्या कोपऱ्यात जायला नाना सबबी सांगत. ही काही न बोलता हातमोजे चढवायची आणि त्याच्याशी गप्पा मारत सुई लावायची.

एवढी हिंमत हिच्यात कुठून आली असेल, असं मला वाटायचं. ते कळलं एकदा ती तापाने घरी होती तेव्हा. कपाटाची किल्ली तिच्याकडे राहिली होती म्हणून मी कोळीवाड्यात गेले. गल्लीच्या तोंडाशी एक म्हातारे जाळं शिवत बसले होते. त्यांना घर विचारलं.

"कोन, नर्स? त्या बेवड्याचा घर? सरल जा, पिंपाशेजारी."

मला वाटलं, चुकीचं घर सांगितलं. पण दार तिनेच उघडलं. किल्ली घेऊन निघताना माझ्या तोंडावर काहीतरी दिसलं असणार, कारण तिनेच विचारलं, "काय बोलला तो म्हातारा? बेवड्याचा घर? बस. आयक."

तिला तीन भाऊ होते. लहानपणी गल्लीत एक कंपाउंडर यायचा. ताप असो, खोकला असो, त्याची एक काचेची पिचकारी आणि एकच सुई, सगळ्या पोरांना तीच. ही उलट्या घातलेल्या होडीखाली लपायची म्हणून वाचली. "आज दिवसभर मानसांना सुया टोचतंय, आनि तवा सुईला भिऊन होडीखाली मुतलेली मी," असं सांगून ती तापातही हसली. भाऊ काही लपले नाहीत, ते मुलगे ना! पुढे मधला भाऊ मोठा झाला आणि गणपतीत मंडळाच्या शिबिरात रक्त द्यायला गेला, तेव्हा त्याला बाजूला घेऊन सांगितलं की तुझ्या रक्तात ही कावीळ आहे. त्याने ते हसण्यावारी नेलं. अंगाने धडधाकट, कातडीवर पिवळेपणाचा मागमूस नाही. मग काही वर्षांनी पोट फुगलं, रक्ताच्या उलट्या झाल्या आणि तो गेला.

"दारूच्या थेंबाला शिवला नव्हता गं. वास आला तरी उठून जायचा. पन पोट फुगून मेला म्हंजे बेवडा, हे गल्लीनं ठरवलान. मी सांगत व्हते कावील हाय, कावील हाय. तर बोलले, सुई एकच व्हती ना तिघांना? मग दोघं ठनठनीत आनि ह्यालाच कशी झाली? म्हंजे पीतच असनार. ह्यावर मना उत्तर देता आला नाय. आमी गप बसलो. आये तर त्या दिसापासून नलावर जात नाय."

आपल्याकडे माणूस कशाने आजारी पडला यापेक्षा त्याने काय पाप केलं असेल यात लोकांना जास्त रस. मला त्या गल्लीचा अस्सा राग आला! पण राग येऊन उपयोग काय? किल्ली घेऊन मी परत कामावर आले.

मग हॉस्पिटलात या काविळीची लस आली. तेव्हा ती फार महाग होती, पण मशीनजवळ काम करणाऱ्यांना हॉस्पिटलने दिली. काही महिन्यांत तीन इंजेक्शनं. मेट्रनच्या खोलीत सगळ्या रांगेने घेत. ही रांगेत नसायची. तिचं मशीन चालू असायचं. ती दारातूनच लसीची बाटली घ्यायची, खोलीत जायची आणि स्वतःच्या हाताने स्वतःलाच टोचून घ्यायची. तिन्ही वेळा तसंच झालं आणि तिन्ही वेळा साक्षीदार एकच, कॉटवर आडवा झालेला कळवा.

लस लागू पडली का ते रक्तात बघता येतं. अंगाने विषाणूशी लढायला शिपाई तयार केले की नाही ते मोजतात. मी सगळ्यांचे नमुने मुंबईला पाठवले. रिपोर्ट आले, तर सगळ्यांच्या रक्तात शिपाई होते. वॉर्डबॉयपासून ते अत्यंत भित्र्या नर्सपर्यंत सगळ्यांच्या. हिच्या रक्तात एकही नाही.

संध्याकाळपर्यंत हॉस्पिटलभर झालं. मेट्रनबाईंनी तिला मोठ्या डॉक्टरांसमोर उभं केलं. रक्त पुन्हा काढायचं म्हणून मला बोलावलं होतं, त्यामुळे मेट्रनबाईंचं बोलणं मी स्वतःच्या कानांनी ऐकलं.

"घरी लहान भाची आहे ना तुमच्या? तिच्यासाठी लस मागितली असती तर काही सोय केली असती. चोरून कशाला न्यायची?"

ती काही बोलायच्या आत मीच बोलले, की मी हिला ओळखते, ही असं करणार नाही. मेट्रन म्हणाल्या, "रिपोर्ट तुमच्याच लॅबमार्फत आलाय ना? मग?" आणि हळूच पुढे, "घरातलं वळण असतं हो. भावाचंही ऐकलंय मी."

भावाचं नाव निघालं आणि तिचा चेहरा बदलला. मोठ्या डॉक्टरांसमोर एरवी ती आमच्यासारखी शुद्ध मराठी बोलायची. आता घरची बोली बाहेर आली.

"येकदा आमच्या घरावर खोटा आल आला तवा आमी गप बसलो. आता नाय बसनार. परत द्या मना लस. माझ्या पगारातून कापा. पन खोलीत नाय. ओपीडीत द्या, भर गर्दीत. सगल्यांनी बघायचं."

मोठे डॉक्टर म्हणाले, "आणि या वेळी लागू पडली तर?"

"तर मागची मी घेतलीच नाय, मी चोर. हाकला मना."

मी तिला बाहेर ओढलं आणि म्हटलं, अगं, काय बोलून बसलीस! लागू पडली तर नोकरी जाईल, नाही पडली तर उद्या कळव्याची सुई बोटाला लागून तू मरशील. ती म्हणाली, "मरायचा तर खरी म्हनून मरंन."

तुम्ही माझ्या जागी असता तर कशासाठी देव पाण्यात ठेवले असते? तिच्या जिवासाठी त्या रक्तात शिपाई यायला हवे होते आणि तिच्या इज्जतीसाठी ते यायला नको होते. मी कौपिनेश्वराच्या देवळात गेले आणि काय मागावं ते न कळल्याने नुसताच नमस्कार करून परत आले.

तीन वेळा तो सोहळा झाला. ओपीडी गच्च भरलेली असताना ती मधोमध स्टुलावर बसायची. तेवढ्यापुरती खोलीत दुसरी सिस्टर उभी करून यायची. बाही खांद्यापर्यंत वर. "बघा, सगले बघा. मागाहून बोलू नका," असं म्हणून ती बाटली उंच धरून दाखवायची आणि मगच हात पुढे करायची. पेशंटांना काहीच कळायचं नाही. एक आजी तर मला म्हणाल्या, "सरकारी योजना आहे का गं? मला पण दे." तिसऱ्या वेळी कळवा कंडक्टरही मुद्दाम येऊन उभा राहिला. इंजेक्शन टोचलं तेव्हा त्याने मेट्रनबाईंकडे बघत मोठ्याने विचारलं, "दिसलं ना सगळ्यांना? मला मागच्या वेळीही दिसलेलं. पण मला कुणी विचारलंच नाही."

मग रक्त मुंबईला गेलं. रिपोर्ट आला तेव्हा तिचं मशीन चालू होतं. मी खोलीच्या दारात गेले. तिने नुसत्या भुवया उडवल्या.

"काही नाही," मी म्हटलं. "एकही नाही."

ती खो खो हसली. कळव्याने पडल्या पडल्या मोकळ्या हाताने कॉटच्या लोखंडावर टकटक वाजवलं. मग ती स्टुलावर बसली आणि म्हणाली, "म्हंजे मी चोर नाय. आनि मना हा रोग कवाबी धरंल." मी तिच्या शेजारी भिंतीला टेकून उभी राहिले. मला रडू येत होतं आणि आनंदही होत होता. असं दोन्ही एकदम झालेलं मला पुन्हा आठवत नाही.

मेट्रनबाई आल्या. "चला, गैरसमज दूर झाला," म्हणाल्या.

"गैरसमज नव्हता, आळ होता," ती शांतपणे, शुद्ध मराठीत म्हणाली. "मी इंजेक्शन ओपीडीत घेतलं. तुम्ही आळही ओपीडीतच उतरवा."

आणि उतरवला त्यांनी. आवाज बारीक होता, पण उतरवला. मोठे डॉक्टर शेजारी उभे होते, त्यामुळे इलाज नव्हता.

आमच्याकडे आठवड्यातून एकदा यकृताचे डॉक्टर मुंबईहून यायचे. शांत, म्हातारा माणूस. त्यांना हे नवीन नव्हतं. ते म्हणाले, काही माणसांत असं होतं, त्यात त्यांचा दोष नसतो. शत्रूचा तुकडा शिपायांना धरून दाखवायचं काम अंगातल्या ज्या भागांचं, त्यांची घडण प्रत्येकाची वेगळी असते आणि ती आईबापांकडून येते. काहींच्या घडणीत या लसीचा तुकडा नीट बसतच नाही. मग शिपायांना शत्रू दिसत नाही आणि ते उठत नाहीत.

तिने ऐकून घेतलं आणि विचारलं, "डॉक्टर, भावाभावांत पण ही घडण वेगळी असते?"

"असते. आईबापांकडून कुणाला काय येईल ते ठरलेलं नसतं."

"मग एकाच सुईतून तिघांच्या अंगात हा रोग गेला, तर दोघं बरे होतील आणि एक मरेल, असं होईल?"

"होतं. किती विषाणू शिरला, कुठल्या वयात शिरला, यावरही असतं. सगळंच अजून आम्हाला उलगडलेलं नाही. पण घडणीचा वाटा मोठा."

"दारू न पिता?"

"एक थेंबही न पिता."

ती उठली, डॉक्टरांच्या पाया पडली आणि भरभर निघून गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या लॅबच्या दारात दोन धिप्पाड माणसं, मान खाली घालून. मागे ही. "काढ यांचा रगत. हा मोठा, हा धाकटा. सुईला भितान, जरा सांभाल."

दोघांच्याही रक्तात विषाणू नव्हता. पण कधीकाळी त्याच्याशी लढून त्याला हाकलून लावल्याची खूण दोघांच्याही रक्तात होती. दोघांना हा रोग होऊन गेला होता आणि दोघांना पत्ताही नव्हता.

त्या रविवारी तिने मला कोळीवाड्यात नेलं, पांढरा कोट घालायला लावून. मी म्हटलं, कोट कशाला? तर म्हणाली, "माझा कोन आयकंल? कोटाचा आयकतान." सकाळची वेळ होती. बायका मासळी साफ करत होत्या आणि ते म्हातारे तिथेच जाळं शिवत होते. ही गल्लीच्या मधोमध उभी राहिली आणि तिने दोन्ही भावांना दोन बाजूंना उभं केलं.

"आयका सगले! सुई एकच व्हती, बरोबर? तर रोग तिघांनाबी झालेला. ह्यालाबी, ह्यालाबी. रगतात निघालाय. ही लॅबवाली, विचारा तिला." मी मान हलवली. "येकाच खाडीत तिघांनी जाली टाकली. पन आये-बापानं प्रत्येकाला जाला येगला दिलेला. या दोघांच्या जाल्यात तो रोग गावला, त्यांनी मारून टाकलान. मधल्याच्या जाल्याची भोका मोठी. त्यातून सुटला आनि त्याला आतून खाल्लान. माझ्याबी जाल्याला भोका हायेत, म्हनून काय मी बेवडी? बोला!"

म्हाताऱ्यांचा शिवणारा हात थांबला होता. जाळ्याचं त्यांना कुणी समजावून सांगायला नको होतं.

मला वाटलं, तिची आई रडेल. ती पिंपाशेजारी उंबऱ्यात बसली होती. "मना ठाव व्हता," ती एवढंच म्हणाली. मग तिने आतून हंडा आणला, कमरेवर घेतला आणि गल्लीतून सरळ नळाकडे चालायला लागली. रांगेतल्या बायकांनी तिला जागा करून दिली.

पिवळ्या मशीनचं काय झालं, तेही सांगते. आता शिपाई नसलेल्या नर्सला त्या मशीनला हात लावू देणार नाही, असं मोठ्या डॉक्टरांनी ठरवलं. तिला धुण्याच्या कपड्यांच्या खोलीत पाठवायचाही बेत होता. तिने साफ नकार दिला. "दुसऱ्या मशीनला माझ्या रगताचा काय त्रास? तिथून कोन हलवतंय बघू." हलवलं नाही कुणी. आणि पिवळ्या मशीनपाशी जायला टाळाटाळ करणाऱ्या पोरींना तिने एकत्र गाठलं. "तुमच्या रगतात शिपाई हायेत ना? मी बिनशिपायाची येवढी वरसं सुया लावल्या, आनि तुमी फौज घेऊन पलतंय?" दोघी शरमेने तयार झाल्या. ती तिच्या मशीनपाशी स्टूल घेऊन बसायची आणि खोलीच्या या टोकावरून त्या टोकाला हुकूम सोडायची. "नली दाबू नको! कलव्याला विचार, दुखतंय का. बोल त्याच्याशी, मुका नाय तो."

ज्या रोगाची आम्ही सगळ्यांनी तिला भीती घातली, तो तिच्या वाटेला गेलाच नाही. नव्वदचं दशक संपता संपता, एका दुपारी घरी जेवून उठताना छातीत कळ आली आणि ती गेली. मी तेव्हा माहेरी होते. कळलं तेव्हा दिवसकार्यही उरकलं होतं. मला राग आला तिचा. एवढी भांडखोर बाई, आणि स्वतःच्या हृदयाशी दोन तास भांडता येईना तिला?

आल्यावर तिच्या आईला भेटायला कोळीवाड्यात गेले. गल्ली बदलली होती. नवी बांधकामं झाली होती, जाळं शिवणारे म्हातारे नव्हते, पिंपही दिसेना. मी घोटाळले. नळावर एक तरुण मुलगी हंडा भरत होती. हातातला हिरवा चुडा अजून भरलेला, म्हणजे त्या गल्लीत नुकतीच नांदायला आलेली. तिला विचारलं, नर्सबाईंचं घर कुठलं?

"नर्सबाई? मी नवीन हाय, मना ठाव नाय," ती म्हणाली. मग तिने जरा आठवलं आणि हंडा बाजूला ठेवून बोट दाखवलं.

"कावीलवाल्याच्या भयनीचा घर का? तो बिचारा दारू न पिता गेला, त्याच्या? ते बघा, समोरचा निला दार."